कोलकात्याच्या वाटेवर लाकडात कोरलेलं रिव्हॉल्व्हर: सॅम्युअल कोल्टची गोष्ट

शोलेमधला गब्बर तीन गोळ्या हवेत झाडतो आणि रिव्हॉल्व्हरचं चक्र गरकन फिरवतो, तो सीन माहीत नसलेला माणूस आपल्या तालुक्यात सापडायचा नाही. ते फिरणारं चक्र ज्याच्यामुळं जगातल्या फौजांच्या कमरेला लागलं, तो माणूस म्हणजे अमेरिकेचा सॅम्युअल कोल्ट. ४७ वर्षं जगला. त्यातली निम्मी वर्षं कर्जात गेली आणि उरलेल्या वर्षांत त्यानं दोन्ही बाजूंना हत्यारं विकून अफाट पैसा केला. आज त्याच्या जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी लोक कोट्यवधी रुपये मोजतात, आणि अस्सल कोणतं, नकली कोणतं हे ओळखण्यात आयुष्य घालवतात.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ चा, कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. आईचे वडील अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले अधिकारी. त्यांचं जुनं चकमकीचं पिस्तूल नातवाच्या हाती आलं होतं म्हणतात. पोरगा सहा-सात वर्षांचा असताना आई क्षयानं गेली. बापाचा धंदा बसला. अकराव्या वर्षी सॅमला एका शेतकऱ्याकडं कामाला ठेवलं. गुरांचं करायचं, लाकडं फोडायची आणि मधल्या वेळात शाळा. आपल्याकडं सालदाराच्या पोराचं जसं असायचं, तसंच. त्या घरात विज्ञानाचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात बंदुकीच्या दारूची आणि वाफेच्या बोटीची माहिती होती. पोरगा त्यात रमला.

पंधराव्या वर्षी तो बापाच्या कापड गिरणीत गेला. तिथं गावच्या तळ्यात पाण्याखाली दारूचा स्फोट करून दाखवतो म्हणून त्यानं लोक जमवले. स्फोट झाला, पण चिखलपाणी बघणाऱ्यांच्या अंगावर आलं. लोक चिडले. तेव्हा एलिशा रूट नावाच्या एका तरुण कारागिरानं त्याला वाचवलं असं सांगतात. या रूटचं नाव ध्यानात ठेवा, तो पुढं परत येतो. नंतर शाळेत घातलं, तिथंही दारूकामाचे उद्योग करून बाहेर पडला. शेवटी बापानं वैतागून त्याला जहाजावर धाडलं.

१८३० साली बोस्टनहून कोर्व्हो नावाचं जहाज निघालं, ते आपल्या कोलकात्याला. त्यावर सोळा वर्षांचा सॅम खलाशी होता. या सफरीत त्यानं लाकूड कोरून फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचा नमुना केला. जहाजाचं सुकाणूचं चाक फिरतं आणि ठरावीक जागी अडकतं, ते बघून डोक्यात आलं अशी कथा तो पुढं सांगायचा. कोणी म्हणतं सुकाणू नव्हे, नांगर ओढायचा रहाट. तो लाकडी नमुना आजही हार्टफर्डच्या संग्रहालयात आहे, म्हणजे गोष्ट अगदीच हवेतली नाही.

इथं एक सांगायला पाहिजे. फिरत्या चक्राचं पिस्तूल कोल्टनं सगळ्यात आधी शोधलं, असं नाही. बोस्टनच्याच एलिशा कोलियरनं १८१८ मध्ये इंग्लंडात तशा पिस्तुलाचं पेटंट घेतलं होतं. पण त्याला चकमक होती आणि चक्र बहुतेक हातानंच फिरवावं लागायचं. कोल्टची करामत वेगळी. घोडा अंगठ्यानं मागं ओढला की आतली एक खुंटी चक्राच्या दात्याला ढकलते, चक्र एक घर पुढं जातं आणि खालून खिट्टी खाचेत बसते. गोळी नेमकी नळीसमोर. एवढंच, पण त्या एवढ्याशा गोष्टीनं घोडेस्वाराचा एक हात मोकळा झाला. त्याआधी ठासणीची बंदूक एक बार काढायची, मग दारू घाला, गोळी घाला, गजानं ठासा. तोवर समोरचा अंगावर आलेला असायचा.

परत आल्यावर बापानं दोन हत्यारं करून घ्यायला पैसे दिले. त्यातलं एक पहिल्याच बाराला फुटलं. बापाचा हात आखडला. मग पोरानं काय करावं? गावोगाव हसवणाऱ्या वायूचे खेळ सुरू केले. तोच वायू पुढं दातांच्या डॉक्टरांनी भूल द्यायला वापरला. लोकांना तो हुंगवायचा, लोक नाचायचे, पडायचे आणि बाकीचे तिकीट काढून बघायचे. जाहिरातीत स्वतःला डॉक्टर म्हणवून घेतलं, नावाचं स्पेलिंग बदललं आणि पत्ता छापला न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्ता! एकदा खलाशी म्हणून कलकत्त्याची वारी केलेला हा विशीच्या आतला डॉक्टर. आपल्या जत्रेतल्या औषधवाल्यांनीही हात जोडावेत असं काम.

या खेळाचे पैसे जायचे बाल्टिमोरच्या जॉन पिअर्सन नावाच्या बंदूक कारागिराकडं. कोल्टला कल्पना सुचायची, पण धातूत उतरवायचं कसब पिअर्सनचं. त्याची मजुरी कायम थकलेली असायची आणि तो पत्रातून तक्रारी करत राहायचा. पेटंटावर मात्र नाव एकाच माणसाचं आलं. १८३५ मध्ये इंग्लंडात आणि २५ फेब्रुवारी १८३६ ला अमेरिकेत कोल्टला पेटंट मिळालं. पिअर्सनला आज संग्राहक सोडून कोणी ओळखत नाही. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत ज्याचं सगळ्यात जास्त देणं राहिलं, तो हाच माणूस.

न्यू जर्सीतल्या पॅटरसनला कारखाना निघाला. पाच गोळ्यांची रिव्हॉल्व्हर, चाप आत दुमडलेला, घोडा ओढला की बाहेर येणारा. दिसायला देखणं, पण नाजूक. लष्करानं तपासणी करून नापास केलं. कोल्टनं साहेब लोकांना जेवणावळी आणि दारू पाजण्यात इतका खर्च केला की हिशेब बघणाऱ्या चुलतभावाशी भांडणं झाली. १८४२ मध्ये कारखाना बुडाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मोठ्या भावानं, जॉननं, जीव दिला. एका छापखानेवाल्याचा खून केला म्हणून त्याला फाशी झाली होती आणि फाशीच्या दिवशीच त्यानं कोठडीत आत्महत्या केली. खटल्यासाठी पैसे उभे करायला सॅम धडपडला होता. धंदा गेला, भाऊ गेला. त्यानंतरची काही वर्षं तो पाण्याखालच्या सुरुंगांचे प्रयोग सरकारला दाखवत फिरला. तारायंत्रवाल्या मोर्सबरोबर पाण्यातून न्यायच्या तारांवरही काम केलं. सरकारनं सुरुंग काही घेतले नाहीत.

बंद पडलेल्या कारखान्याचा माल मात्र तिकडं दूर टेक्सासमध्ये काम करत होता. टेक्सासच्या आरमारानं १८३९ मध्ये १८० पिस्तुलं घेतली होती, ती पुढं रेंजर लोकांच्या हाती आली. १८४४ च्या जूनमध्ये पंधराएक रेंजरांची गाठ कोमांची टोळीतल्या सत्तरेक घोडेस्वारांशी पडली. कोमांची लोकांना अनुभव होता की गोरा माणूस एक बार काढतो आणि मग त्याला वेळ लागतो, तेवढ्यात बाणांनी घ्यायचा. त्या दिवशी बार थांबलेच नाहीत. रेंजर जिंकले. हे आपण शौर्यकथेसारखं वाचतो, पण ज्यांची जमीन जात होती त्या कोमांचींसाठी तो दिवस काय असेल हेही मनात येतं.

त्या चकमकीत भाल्यानं जखमी झालेला एक रेंजर होता, सॅम्युअल वॉकर. १८४६ ला अमेरिका आणि मेक्सिकोचं युद्ध पेटलं तेव्हा वॉकर फौजेत कॅप्टन झाला होता. त्याची आणि कोल्टची गाठ पडली. वॉकरनं अनुभवातून सुधारणा सांगितल्या. गोळ्या सहा करा, चाप कायम बाहेर ठेवून त्याला कडी लावा, नळीखाली गोळी ठासायचा दांडा जोडा आणि एकूण हत्यार दणकट करा. जानेवारी १८४७ मध्ये सरकारची १००० नगांची ऑर्डर आली, नगाला २५ डॉलर. कोल्टकडं तेव्हा कारखाना तर सोडाच, नमुन्याला एक जुनं रिव्हॉल्व्हरसुद्धा उरलं नव्हतं असं सांगतात. व्हिटनी नावाच्या कारखानदाराकडून त्यानं माल करून घेतला. हा व्हिटनी म्हणजे कापसातली सरकी काढायचं यंत्र करणाऱ्या एली व्हिटनीचा मुलगा.

ते वॉकर रिव्हॉल्व्हर दोन किलोच्या वर भरायचं. नळीच ९ इंची. कमरेला लावलं तर पँट खाली यावी, म्हणून घोड्याच्या खोगिराला अडकवायचे. दारू इतकी मावायची की काहींची चक्रं फुटली. बार काढला की धक्क्यानं ठासायचा दांडा खाली लोंबायचा. तरी त्या काळी हातात धरायच्या हत्यारात त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. खुद्द वॉकरच्या हाती त्याची जोडी पडली आणि थोड्याच दिवसांत, ९ ऑक्टोबर १८४७ ला, मेक्सिकोतल्या वामांतलाच्या लढाईत तो मारला गेला.

आता संग्राहकांचं वेड इथून सुरू होतं. वॉकर नमुने एकूण ११०० झाले, त्यातले १००० फौजेचे. फौजेच्या नगावर कोणत्या तुकडीचा हे अक्षरानं कोरलेलं असतं आणि नळीच्या बुडाशी अमेरिकेच्या सरकारचा शिक्का आणि १८४७ हा आकडा असतो. चक्रावर रेंजर आणि कोमांची यांच्या लढाईचं बारीक चित्र उमटवलेलं. आज त्यातले थोडेच शिल्लक आहेत. २०१८ मध्ये पेटीसकट असलेलं एक वॉकर अमेरिकेत लिलावात १८ लाख ४० हजार डॉलरला गेलं. त्या वेळच्या भावानं बारा कोटी रुपयांच्या आसपास. त्या पैशात आपल्याकडं किती एकर बागायत येईल, तुम्हीच हिशेब करा.

एवढा पैसा आला की नकली माल येणारच. म्हणून जाणकार माणूस आधी क्रमांक बघतो. कोल्ट कारखान्यात एका रिव्हॉल्व्हरच्या नळीवर, सांगाड्यावर, चापाच्या कडीवर, मुठीच्या पट्टीवर, चक्रावर तोच एक क्रमांक ठोकायचे. इतकंच काय, नळी आणि सांगाडा जोडणारी जी छोटी पाचर असते, तिच्यावरसुद्धा. सगळे क्रमांक जुळले तर किंमत वेगळी, एक जरी फरकाचा निघाला तर वेगळी. युद्धात शिपाई दहा-बारा हत्यारं एकत्र खोलून साफ करायचे आणि जोडताना याची पाचर त्याला लागायची. त्यामुळं बेजोड क्रमांक म्हणजे खोटंच असं नव्हे. दुसरं, नळीच्या माथ्यावरचा पत्ता. सुरुवातीचा न्यूयॉर्कचा, मग हार्टफर्डचा, काहींवर लंडनचा. तिसरं, अक्रोडाच्या मुठीवर सरकारी तपासनिसाच्या सहीचा दाबलेला शिक्का. हा खऱ्या फौजी नगावर असतो, दुकानात विकलेल्यावर नसतो. मुठीचे कोपरे हातानं झिजून गोल झालेत आणि शिक्का मात्र कोरा करकरीत दिसतोय, तर समजायचं की मागाहून कुणीतरी हात मारलाय.

आणि एक. पॉलिश. आपल्याकडं जुनं भांडं सापडलं की चिंच-राखेनं घासून लख्ख करायची सवय. जुन्या हत्याराला असं घासलं की धारा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात आणि किंमत पार कोसळते. मूळचा निळसर काळा रंग थोडा जरी टिकून असला तरी संग्राहक त्याचेच पैसे देतात.

कोल्टच्या दारूच्या रिव्हॉल्व्हरची नवी नक्कल १९५० च्या दशकाअखेर इटलीत सुरू झाली. ती हौशी लोकांसाठी होती, त्यात फसवणूक काही नव्हती. पण तीच घेऊन शिक्के घासून, गंज चढवून जुनी म्हणून विकणारे निघाले. खऱ्या इटालियन मालावर तिथल्या सरकारी तपासणीच्या खुणा असतात, त्या खोडलेल्या जागेचा धातू पातळ लागतो. जाणकाराचं बोट तिथं थांबतं.

परत कोल्टकडं येऊ. वॉकरच्या ऑर्डरीवर त्यानं हार्टफर्डला स्वतःचा कारखाना काढला आणि १८४९ मध्ये तळ्यावरच्या त्या एलिशा रूटला मोठ्या पगारावर आणलं. रूट यंत्रांचा जादूगार. भाग यंत्रावर करायचे, एकाचा दुसऱ्याला बसेल असे करायचे आणि हातकाम फक्त शेवटी. आज मोटारसायकलचा पार्ट दुकानातून आणून बसवतो, त्या पद्धतीच्या मुळाशी अशा कारखान्यांची मेहनत आहे.

१८५१ चं नेव्ही मॉडेल सगळ्यात गाजलं. हलकं, नेमकं. हार्टफर्डला सव्वादोन लाखांच्या जवळपास झाले. त्याच वर्षी लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात कोल्टनं दुकान मांडलं आणि १८५३ मध्ये तिथं थेम्सच्या काठी कारखानाच काढला. तिथं ४२ हजारांच्या आसपास नेव्ही झाली. अमेरिकन नेव्हीच्या चापाची कडी बहुधा पितळी, लंडनवाल्याची लोखंडी, शिवाय ब्रिटिश तपासणीचे शिक्के. ओळखायला सोपं. क्रिमियाच्या युद्धासाठी इंग्रज सरकारनं वीस हजारांवर नेव्ही घेतली. १८५७ च्या उठावात हिंदुस्थानात लढलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेलाही कोल्ट होती आणि तिची प्रतिस्पर्धी अॅडम्स होती. अॅडम्सची गोळी जाड आणि नुसता चाप दाबला तरी बार निघायचा, म्हणून पुष्कळ अधिकारी तीच घ्यायचे. लंडनचा कारखाना काही तीन-चार वर्षांच्या वर टिकला नाही.

याच क्रिमियाच्या काळात कोल्टनं तुर्कस्तानच्या सुलतानाला सोन्याचं नक्षीकाम केलेलं रिव्हॉल्व्हर भेट दिलं आणि रशियाच्या झारलाही दिली. दोघं एकमेकांशी लढत होते. घरीही तेच. पेटंटाची मुदत वाढवून मिळावी म्हणून खासदारांना पिस्तुलं वाटली, त्याची १८५४ मध्ये चौकशी झाली. ती मुदतवाढ काही मिळाली नाही, १८५७ मध्ये पेटंट संपलं.

त्याआधीच त्यानं हार्टफर्डला नदीकाठची पुरात बुडणारी जमीन घेतली. लोक हसले. त्यानं जवळजवळ दोन मैलांचा बांध घातला आणि माती धुपू नये म्हणून बांधावर विलोची झाडं लावली, आपल्या वाळुंजाच्या जातकुळीतली. मग त्या झाडांच्या फोकांपासून खुर्च्या विणायला जर्मनीहून कारागीर आणले. शेतकरी म्हणून मला ही गोष्ट रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त आवडते. बांधाआड कारखाना, कामगारांची घरं, सभागृह आणि कारखान्यावर निळा कांद्याच्या आकाराचा घुमट. घुमटावर उसळणारं शिंगरू, कारण कोल्ट म्हणजे शिंगरू. कामाचे तास दहा, जेवायला एक तास. पण १८६० च्या निवडणुकीत विरोधी पक्षाच्या कामगारांना काढल्याचा आरोपही त्याच्यावर झाला.

१८६१ मध्ये अमेरिकेतच उत्तर-दक्षिण युद्ध पेटलं. गुलामी ठेवायची की नाही, हे त्या भांडणाचं मूळ. युद्धाच्या अगदी तोंडापर्यंत कोल्टचा माल दक्षिणेकडं जात होता. वर्तमानपत्रांनी त्याला देशद्रोही म्हटलं. मग तो उत्तरेचा झाला, सरकारनं १८६० चं आर्मी मॉडेल सव्वा लाखाच्या वर घेतलं. दक्षिणेला हत्यारं मिळेनात, तेव्हा जॉर्जियात ग्रिसवोल्ड नावाच्या कारखान्यानं कोल्ट नेव्हीची नक्कल केली. पोलादाची टंचाई, म्हणून सांगाडा पितळेचा. ३७०० च्या आसपास झाल्या. नक्कल असून आज ती मूळ कोल्टपेक्षा महाग जाते, आणि म्हणून नकलेचीही नक्कल निघते.

या युद्धाचा एक धागा आपल्या मातीपर्यंत येतो. दक्षिणेचा कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या ओस पडल्या आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. युद्ध संपलं, १८६५ मध्ये भाव पडले आणि मुंबईचा सट्टा बुडाला. तिकडं बार वाजला, इकडं कर्ज झालं.

कोल्टनं हे सगळं बघितलं नाही. संधिवातानं तो बरेच दिवस आजारी होता. १० जानेवारी १८६२ ला गेला. मागं दीड कोटी डॉलरच्या आसपास मालमत्ता. एक मोठी संधी त्याच्या कंपनीच्या हातून निसटली होती. पितळी काडतूस मागून घालता येईल असं आरपार चक्र रोलिन व्हाइटनं सुचवलं होतं, ते पेटंट १८५५ मध्ये झालं आणि स्मिथ अँड वेसननं उचललं. ते संपेपर्यंत, १८६९ पर्यंत, कोल्टवाले दारू आणि टोपीवरच अडकले.

धंदा चालला तो बायकोमुळं. एलिझाबेथशी त्याचं लग्न १८५६ मधलं. मुलं एकामागून एक गेली, कॉल्डवेल तेवढा मोठा झाला. १८६४ च्या फेब्रुवारीत कारखान्याला आग लागली, घुमट कोसळला, बऱ्याच नोंदी जळाल्या. म्हणून त्या आधीच्या रिव्हॉल्व्हरचा दाखला कंपनीकडून मिळणं आजही अवघड जातं. बाईनं कारखाना पुन्हा उभा केला, घुमटासकट, आणि १९०१ पर्यंत ताब्यात ठेवला.

आपल्याकडं कुणाच्या वाड्यात माळ्यावर असं काही जुनं सापडलं तर तेवढं सांभाळून. चालू होऊ शकणारं हत्यार, कितीही जुनं असो, शस्त्र कायदा १९५९ प्रमाणं परवान्याशिवाय ठेवता येत नाही. पोलीस पाटलाला सांगून ठाण्यात कळवा, घासू नका आणि नळी कुणाकडं रोखू नका. जुनी दारू आत राहिलेली असू शकते.

एलिझाबेथ १९०५ मध्ये गेली. नवऱ्याची हत्यारं तिनं हार्टफर्डच्या संग्रहालयाला दिली. त्याच्या आणि मेलेल्या लेकरांच्या आठवणीसाठी तिनं कारखान्याजवळ एक चर्चही बांधलं होतं. कामगार ज्या दारानं आत जायचे, त्याच्या दगडात नक्षी कोरली आहे. जवळ जाऊन पाहिलं की फुलापानांच्या मधे रिव्हॉल्व्हरची चक्रं, नळ्या आणि घोडे दिसतात.